गावचा विज्ञान मेळा : कुटुंबाने मिळून करावयाचे प्रयोग

रब्बीची सुगी सरत आली आणि खळ्यावरील रास घरी आली, की खेड्यापाड्यांतून जत्रांचे दिवस सुरू होतात. जत्रेला माणूस एकटा जात नाही. म्हातारी माणसे, लेकीसुना, कडेवरची मुले असे सारे घर तेथे जाते. विज्ञानाच्या मेळ्याला मात्र असे घडताना क्वचितच दिसते. मंडपात तक्ते टांगलेले असतात आणि व्यासपीठावर भाषणे चालतात. पुरुष मंडळी पुढे बसतात, शाळेची मुले रांगेने येऊन रांगेनेच परत जातात, आणि ज्या बाईच्या हाती घरातील बी-बियाण्याची राखण असते ती घरीच राहते. असा मेळा संपल्यावर गावात काय उरले असे विचारले, तर उत्तर देणे कठीण जाते.

ही उणीव दूर करावयाची, तर मेळ्याचे रूपच बदलले पाहिजे. मेळा केवळ पाहण्याचा नसावा, हाताने करण्याचा असावा. प्रयोग परक्या वस्तूंवर न होता घरच्या बियाण्यावर, घरच्या शेतातील मातीवर आणि घरच्या पाण्यावर व्हावेत. शिवाय प्रत्येक प्रयोगात लहान मुलापासून आजीपर्यंत सर्वांना काही काम असावे. अशा मेळ्याची आखणी कशी करावी, हे ग्रामस्तरीय कार्यकर्ते व शेतकरी बांधव यांच्या माहितीसाठी येथे दिले आहे.

मेळ्याचा दिवस

दरवर्षी २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. १९२८ साली याच दिवशी कलकत्त्यात डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा तो शोध लागला, जो पुढे त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. या शोधाबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारत सरकारने १९८६ मध्ये हा दिवस विज्ञान दिन म्हणून ठरविला आणि १९८७ पासून तो देशभर साजरा होऊ लागला. रामन यांची उपकरणे साधी व अल्पखर्चाची होती, ही गोष्ट मेळ्यात आवर्जून सांगावी. सूर्याचा प्रकाश, काही भिंगे, रंगीत काचा आणि लक्षपूर्वक पाहणारा डोळा यांच्या बळावर त्यांनी आपल्या कामाचा आरंभ केला. नीट पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे ही विज्ञानाची खरी साधने होत. ती प्रत्येक घरात उपलब्ध आहेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीनेही हा दिवस सोयीचा आहे. रब्बीचे काम ओसरलेले असते, खरिपास अद्याप तीन महिने असतात आणि खरिपासाठी राखून ठेवलेले बी घरात असते. त्या बियाण्यात काही दोष असल्यास तो या वेळी समजला, तर दुसरी तजवीज करण्यास अवधी मिळतो. तोच दोष जूनमध्ये पेरणीनंतर समजला, तर दुबार पेरणीवाचून गत्यंतर राहत नाही. बियाण्याचा खर्च दुप्पट होतो, मजुरी वाया जाते आणि पेरणीची योग्य वेळही हातची निघून जाते.

पूर्वतयारी : आठ दिवस आधी

मेळ्याचा आरंभ मांडवात होत नाही, तो आठ दिवस आधी घरोघरी होतो. कार्यकर्त्याने शाळेच्या शिक्षकांची मदत घेऊन प्रत्येक कुटुंबास एक साधा जाड कागद द्यावा. याला ‘घरपत्रिका’ म्हणता येईल. तीवर बियाण्याची उगवण, मातीचा पोत व पर्जन्यमापक अशा तीन नोंदींसाठी रकाने आखावेत आणि तळाशी ‘आमच्या घराने काय ठरविले’ असा एक मोठा रकाना मोकळा ठेवावा. पत्रिका भरण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे द्यावे. मुलगा किंवा मुलगी लिहिणार, आजी किंवा आई बी आणून देणार आणि वडील त्यावरून निर्णय घेणार, अशी कामाची वाटणी झाली म्हणजे सारे घर मेळ्यात आपोआप गुंतते.

येथे एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. कोणाचे बी किती उगवले हे मंडपात नाव घेऊन सांगू नये. ज्याचे बी कमी उगवले त्या घराला चारचौघांत खाली पाहावयास लागले, तर पुढील वर्षी ते कुटुंब मेळ्याकडे फिरकणार नाही. वास्तविक मेळ्याची गरज त्याच कुटुंबास सर्वांत अधिक असते. घरपत्रिका ही त्या घराची असते आणि ती त्या घरीच राहिली पाहिजे.

पहिला प्रयोग : शंभर दाण्यांची परीक्षा

सोयाबीनचे घरचे बी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पोते आपटले, मळणीयंत्राचे फेरे अधिक ठेवले किंवा साठवणीत ओल लागली, तर दाणा वरून चांगला दिसला तरी आतील अंकुरास इजा झालेली असते. म्हणून डोळ्यांनी पाहून बियाण्याची पारख होत नाही. दाणा उगवूनच पाहावा लागतो.

कृती पुढीलप्रमाणे करावी. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून मूठमूठ बी काढून एकत्र मिसळावे. त्यातून न निवडता सलग १०० दाणे मोजावे. टपोरे दाणे वेचून घेण्याचा मोह मुलांना होतो. तसे केल्यास परीक्षा बियाण्याची न होता वेचणाऱ्याच्या नजरेची होते, हे त्यांस समजावून सांगावे. स्वच्छ गोणपाटाचा तुकडा भिजवून निथळून घ्यावा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्या, वर दुसरा ओला तुकडा पसरून सैल गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवावी. गोणपाट कोरडे पडू देऊ नये, पण पाण्यात बुडवूनही ठेवू नये. अशाच आणखी दोन गुंडाळ्या कराव्या. सात ते आठ दिवसांनी, म्हणजे मेळ्याच्या दिवशी, त्या मंडपात आणून उघडाव्या.

मोजताना ज्याचे मूळ व कोंब दोन्ही सशक्त आहेत असाच अंकुर धरावा. मोडका, कुजका वा मूळ नसलेला अंकुर सोडून द्यावा. तिन्ही शंभरींची सरासरी काढावी. एका शंभरीवर निर्णय घेणे योग्य नव्हे, कारण एकाच पोत्यातील दोन शंभरींमध्ये पाच-दहा दाण्यांचा फरक केवळ योगायोगानेही पडतो. मुलांनी तीन आकडे शेजारी-शेजारी लिहिले, की ही गोष्ट त्यांना न सांगताच कळते. विज्ञानात एकच मोजणी पुरेशी का मानीत नाहीत, याचा यापेक्षा चांगला धडा नाही.

प्रमाणित बियाण्यासाठी उगवणीची किमान मर्यादा ठरलेली आहे. ती सोयाबीन व भुईमुगासाठी ७० टक्के, ज्वारी, बाजरी व तुरीसाठी ७५ टक्के, तर गहू व हरभऱ्यासाठी ८५ टक्के आहे. सोयाबीनचे हेक्टरी ७५ किलो बी हे प्रमाण ७० टक्के उगवण धरून सांगितले जाते. उगवण कमी असल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते. त्याचा हिशेब असा : ७५ ला ७० ने गुणावे आणि आलेल्या संख्येस आपल्या बियाण्याच्या उगवणीने भागावे. समजा, एखाद्या घरच्या तीन शंभरींतून अनुक्रमे ५७, ६२ व ६१ दाणे उगवले. सरासरी ६० आली. ७५ गुणिले ७० म्हणजे ५,२५०. त्यास ६० ने भागले असता ८७.५ किलो येतात. म्हणजे त्या घराने हेक्टरी साडेबारा किलो बी अधिक धरले पाहिजे. उगवण यापेक्षाही बरीच कमी असेल, तर ते बी पेरणीसाठी न ठेवता धान्य म्हणून विकावे आणि वेळीच दुसरे बी मिळवावे. मात्र ज्या बियाण्यास औषध चोळले आहे ते कोणत्याही परिस्थितीत खाण्यासाठी किंवा जनावरांसाठी वापरू नये.

हिशेब मुलीने करावा, तो आजीने ऐकावा आणि ‘पोती ओलीच्या भिंतीला लावली होती, तेथून हलवा’ असे आजीनेच सांगावे, असे ज्या घरी घडेल त्या घरी मेळ्याचा हेतू सफल झाला असे समजावे. फेब्रुवारीतील परीक्षा ही पहिली परीक्षा होय. उन्हाळ्यात सोयाबीनची उगवणशक्ती आणखी घटू शकते. म्हणून मेअखेर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी आणि पेरणीचे प्रमाण त्या दुसऱ्या आकड्यावरून ठरवावे.

दुसरा प्रयोग : सूप आणि मिठाचे पाणी

घरातील बायका धान्य सुपाने पाखडतात तेव्हा त्या एक शास्त्रीय क्रियाच करीत असतात. हलके दाणे व फोल पुढे उडते, जड दाणा मागे राहतो. मेळ्यात प्रथम एखाद्या जाणत्या बाईने धान पाखडून दाखवावे. नंतर तेच पाखडलेले धान मिठाच्या पाण्यात टाकावे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळविले असता ३ टक्क्यांचे द्रावण होते. भाताचे बी त्यात टाकून ढवळले, की पोकळ व रोगट दाणे वर तरंगतात आणि भरीव दाणे तळाशी बसतात. तरंगणारे दाणे काढून टाकावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे.

बाजरीच्या भागात हाच प्रयोग १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घेऊन करावा. या २० टक्के द्रावणात अरगट रोगाच्या पेशी व हलके बी वर येते. अरगटयुक्त बाजरी खाल्ल्यास माणसास व जनावरास विषबाधा होते. म्हणून वर आलेला भाग खड्ड्यात पुरून टाकावा. तो कोंबड्यांपुढे टाकू नये.

सुपाने जे साधले नाही ते मिठाच्या पाण्याने का साधले, हा प्रश्न मुलांना विचारावा. एक लिंबू साध्या पाण्यात व एक मिठाच्या दाट पाण्यात सोडून पाण्याच्या जडपणातील फरक दाखवावा. उत्तर मुलांच्याच तोंडून येईल.

तिसरा प्रयोग : बाटलीतील माती

प्रत्येक कुटुंबाने आपल्या शेतातील मूठ-दोन मुठी माती आणावी. हा प्रयोग मेळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर मांडावा, कारण मांडल्यावर बाटली हलविता येत नाही. पारदर्शक बाटलीचा तिसरा भाग ढेकळे फोडलेल्या मातीने भरावा, वर पाणी घालावे, चिमूटभर धुण्याची पूड टाकावी, बूच घट्ट लावून पाच मिनिटे जोराने हलवावे आणि बाटली स्थिर ठेवावी. रेती मिनिटाभरात तळाशी बसते. पोयट्याचे कण बसण्यास काही तास लागतात. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण दुसऱ्या दिवसापर्यंतही पाणी गढूळ ठेवतात. दुसऱ्या दिवशी मुलांनी पट्टीने तिन्ही थर मोजून घरपत्रिकेवर लिहावेत.

गावातील बाटल्या एका ओळीत ठेवल्या, की माळावरची माती व नदीकाठची माती यांतील भेद सर्वांस एका दृष्टिक्षेपात दिसतो. ज्या मातीत चिकण अधिक, तिच्यात ओल दीर्घकाळ टिकते, परंतु निचरा संथ होतो. ज्या मातीत रेती अधिक, तिला पाणी थोडे व वारंवार द्यावे लागते. मातीतील अन्नद्रव्ये मात्र या बाटलीवरून समजत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठविला पाहिजे. २०१५ साली देशात मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. मेळ्यात ज्यांच्याकडे ती पत्रिका आहे त्यांनी ती आणावी आणि कार्यकर्त्याने ती वाचावी कशी हे समजावून द्यावे.

चौथा प्रयोग : गढूळ पाणी

तीन सारख्या पसरट पेट्या घ्याव्या. एकीत उघडी माती, दुसरीत त्याच मातीवर काडीकचऱ्याचे आच्छादन आणि तिसरीत बांधावरून मुळांसकट काढलेली गवताची ढेप ठेवावी. तिन्ही पेट्या सारख्याच उतारावर ठेवून खालच्या तोंडाशी काचेचे भांडे लावावे. भोके पाडलेल्या डब्यातून लहान मुलांनी तिन्हींवर सारखेच पाणी शिंपावे. पहिल्या भांड्यात दाट गढूळ पाणी येते, दुसऱ्यात पुष्कळच कमी गढूळ येते आणि तिसऱ्यात जवळजवळ निवळ पाणी येते.

या प्रयोगास भाषणाची गरज नाही. पहिले भांडे हाती घेऊन कार्यकर्त्याने एवढेच विचारावे, ‘ही माती कोणाची?’ पावसाळ्यात ओढा लाल-काळा होऊन वाहतो तेव्हा गावचा सर्वांत सुपीक थर वाहून जात असतो, हे मग प्रत्येकाला उमजते. काडीकचरा पेटविण्यापूर्वी त्या घरातील मुलगाच वडिलांना या भांड्याची आठवण करून देईल.

पाचवा प्रयोग : पांढरा सदरा

हा प्रयोग मेळ्यातील सर्वांत महत्त्वाचा समजावा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. फवारणीचे विष डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यामुळेच त्याचे भय वाटत नाही. जे दिसत नाही ते दिसावे, यासाठी हा प्रयोग आहे.

कधीही औषधासाठी न वापरलेला नवा पंप घ्यावा. त्यात केवळ पाणी व खाण्याचा लाल रंग घालावा. जुना पंप धुऊन वापरणे सर्वस्वी वर्ज्य होय. एका माणसास जुना पांढरा सदरा व पांढरा पायजमा घालावयास द्यावा, तोंडावर पांढरा रुमाल बांधावा, आणि त्याने उभ्या पिकातून किंवा रोवलेल्या काटक्यांच्या ओळींतून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारत पन्नास पावले जावे. दुसऱ्याने तशाच कपड्यांत वारा पाठीशी घेऊन फवारावे. नंतर दोघांना शेजारी उभे करून मुलांनी त्यांच्या कपड्यांवरील लाल डाग मोजावे. छाती, मांड्या, हाताची बोटे, रुमालाची कड, पाठीवर पंप गळत असल्यास कंबर, असे सर्व ठिकाणी रंग सापडेल. वाऱ्याविरुद्ध गेलेल्याच्या अंगावर तो कितीतरी अधिक दिसेल.

त्याच वेळी त्या माणसास हात न धुता एक पांढरा कागद दुमडून तोंडाजवळ नेण्यास सांगावे. कागदावर बोटांचे लाल ठसे उमटतात. फवारणी करताना मध्येच तंबाखू मळली, विडी ओढली किंवा भाकरी खाल्ली, तर हेच ठसे औषधाचे असतात, हे निराळे सांगावे लागत नाही. शेवटी तो सदरा इतर पांढऱ्या कपड्यांबरोबर एका बादलीत बुडवावा. सर्वच कपडे गुलाबी होतात. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः बाळाच्या दुपट्यांत मिसळून धुऊ नयेत, ही गोष्ट घरातील बाईस एका क्षणात पटते.

मुलांसाठी याला जोडूनच एक खेळ ठेवावा. औषधाच्या वेष्टनावरील त्रिकोणाचे चार रंग कागदावर रंगवून घ्यावे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अधिक विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा अर्थ नव्हे, हे स्पष्ट करावे. खेळासाठी रिकाम्या बाटल्या मात्र कधीही आणू देऊ नयेत. चित्रे पुरेशी आहेत.

मेळ्यास शेतमजुरांची कुटुंबे या प्रयोगासाठी तरी आवर्जून बोलवावी. ज्याला शेत नाही त्याच्याजवळ तपासण्यास बी नसते, पण पंप बहुधा त्याच्याच पाठीवर असतो. कोणास बाधा झाल्यास काम तत्काळ थांबवावे, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. वेष्टन पाहिल्याशिवाय डॉक्टरांना उपचाराची दिशा ठरविणे कठीण जाते.

सहावा प्रयोग : घरचा पर्जन्यमापक

तोंड व तळ सारख्याच रुंदीचे असलेले कोणतेही सरळ उभे भांडे पर्जन्यमापकाचे काम देते. त्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली, की तेवढा पाऊस झाला असे समजावे. मेळ्यात झारीने कृत्रिम पाऊस पाडून मुलांकडून मोजणी करून घ्यावी. मग त्यांना हिशेब घालावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, आणि १ हेक्टरवर १०,००० लिटर. ५० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० लिटर पाणी पडते. त्यापैकी आपण किती साठवितो, असा प्रश्न वडीलधाऱ्यांकडे पाहून विचारावा.

या डब्याचा खरा उपयोग जूनमध्ये आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. पहिल्या वळवाने माती वरून भिजते, शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसते आणि शेतकऱ्याचा धीर सुटतो. अशा वेळी अंगणातील डबा व मुलाच्या वहीतील नोंद हाच खरा सल्लागार होय. वहीत २८ मिलिमीटर लिहिलेले असता पेरणी करणे म्हणजे बी मातीत टाकून देणे आहे.

लहान मुलांसाठी व संध्याकाळसाठी

अगदी लहान मुलांसाठी हळदीचा कागद करावा. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना लावावी व वाळू द्यावी. चुन्याची निवळी लावली की पट्टी लाल होते, लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळी होते. हळद व चुना यांपासून कुंकू कसे होते हे आजीला ठाऊक असते. तिनेच ते नातवंडांस सांगावे. गावात उन्हाळी भुईमूग असल्यास एखादे झाड मुळांसकट उपटून त्यावरील गाठी नखाने फोडून दाखवाव्या. आतून गुलाबी निघालेली गाठ हवेतील नत्र पिकास मिळवून देत असते. भिंगातून ज्वारीच्या पानावरील मावा व तो खाणारा ढालकिडा दाखवावा, म्हणजे प्रत्येक कीटक शत्रू नसतो हे मुलांच्या मनावर ठसेल. भिंग उन्हात सोडून जाऊ नये व त्यातून सूर्याकडे कोणीही पाहू नये.

दुपारी मैदानात एक सरळ काठी रोवून तिच्या सावलीचे टोक दर पाच मिनिटांनी खुणेने दर्शवावे. सर्वांत आखूड सावली नेमकी उत्तरेकडे असते. घड्याळात बारा वाजले तरी सावली आखूड होतच राहते, याचे मुलांस नवल वाटते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील असून महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेस आहे. त्यामुळे फेब्रुवारीअखेर पश्चिम व मध्य महाराष्ट्रात खरी मध्यान्ह साडेबारा ते एक यांच्या दरम्यान होते.

अंधार पडल्यावर मेळा मोडू नये. मंडपातील दिवे मालवून सर्वांनी आकाशाकडे पाहावे. फेब्रुवारीच्या अखेरीस सायंकाळी मृग नक्षत्र उंच आलेले असते, त्याच्या पोटातील बाणाचे तीन तारे आणि जवळच तेजस्वी व्याध सहज ओळखता येतात. हे तारे दाखविण्याचे काम गावातील वृद्धांकडे द्यावे. मग कार्यकर्त्याने एकच प्रश्न विचारावा : मृगाचा पाऊस तर जूनमध्ये येतो, मग मृग आता कसा दिसतो? ७ जूनच्या सुमारास सूर्य स्वतःच मृग नक्षत्रात जातो, म्हणून त्या दिवसांत ते तारे सूर्याच्या तेजात लपतात आणि रात्री दिसत नाहीत. ज्याच्या नावाने शेतकरी वर्षभराची पेरणी ठरवितो ते नक्षत्र पेरणीच्या वेळी आकाशात दिसतच नाही, ही गोष्ट पुष्कळांना प्रथमच उमगते. आणि नक्षत्र लागले म्हणजे पाऊस आलाच असे नव्हे, तो डब्यात मोजावा लागतो, हेही ओघानेच येते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. प्रयोग थोडे ठेवावे, पण प्रत्येक कुटुंबाने ते स्वतः करावे. या लेखातील सर्व प्रयोग एकाच वर्षी करण्याचा आग्रह धरू नये. बियाण्याची परीक्षा व पांढरा सदरा हे दोन मात्र गाळू नयेत.

२. मेळ्याची वेळ बायकांच्या कामाची वेळ पाहून ठरवावी. सकाळी १० पूर्वी व सायंकाळी स्वयंपाकाच्या वेळी महत्त्वाचा प्रयोग ठेवू नये. लहान मुलांसाठी सावली, पिण्याचे पाणी व बसण्याची जागा यांची सोय प्रथम करावी.

३. भाषण १० मिनिटांपेक्षा अधिक असू नये. प्रश्न विचारावे आणि उत्तर प्रयोगातून निघू द्यावे. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही तर ते झाकू नये. तसे का झाले याचा सर्वांनी मिळून शोध घ्यावा.

४. मेळा संपताना प्रत्येक घरपत्रिकेच्या तळाचा रकाना भरून घ्यावा. ‘बी पुन्हा तपासू’, ‘वारा पाठीशी घेऊनच फवारू’, ‘काडीकचरा जाळणार नाही’ असा एखादा साधा निश्चय पुरेसा आहे. पत्रिका घरात बियाण्याच्या पोत्याजवळ टांगावी.

५. मेअखेर कार्यकर्त्याने घरोघर जाऊन दुसऱ्या उगवण परीक्षेचा आकडा पाहावा. मेळा यशस्वी झाला की नाही हे मंडपातील गर्दीवरून ठरत नाही. ते या दुसऱ्या आकड्यावरून ठरते.

भारतीय संविधानात १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. वैज्ञानिक दृष्टिकोन व चौकसबुद्धी यांचा विकास करणे हे त्यांपैकी एक आहे. हे कर्तव्य केवळ शहरातील प्रयोगशाळांसाठी सांगितलेले नाही. ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडून शंभरातील अंकुर मोजणारी मुलगी आणि तिने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून पेरणीचे प्रमाण बदलणारा तिचा बाप, हे दोघेही ते कर्तव्य पार पाडीत असतात. त्या घरी जूनमध्ये पीक विरळ उगवण्याचा धोका कमी होतो, आणि मेळ्यासाठी घेतलेल्या श्रमांचे चीज होते.